लांब पल्ल्याचं लोणी

एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात नेमकं काय काम द्यायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नसतं. जयराम देसले मुरबाड डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला तेव्हा डेपोनं त्याला शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. काम काही दिलं नाही. घरी आल्यावर सरस्वतीनंही दिलं नाही. गोठा तिचा होता, स्वयंपाकघर तिचं होतं, बांधावरून शेजाऱ्याशी कधी आणि किती भांडायचं हे खातंही तिच्याकडेच होतं. उरला फ्रिज. मुलानं, सुयोगनं, शहापूरला नवा घेतला तेव्हा जुना इकडे पाठवून दिला होता, आणि सरस्वती त्यात पाण्याच्या बाटल्या आणि म्हशीची इंजेक्शनं एवढंच ठेवत असे. जयरामनं तो ताब्यात घेतला.

आयुष्यभर माणसं बसवलेल्या हाताला रिकामा कप्पा बघवत नाही. त्यानं फ्रिजची आसनव्यवस्था केली. दारात कोथिंबीर, लिंबं, मिरच्या. म्हणजे जवळचे प्रवासी, आत्ता चढले आणि आत्ता उतरले. मधल्या फळीवर दूध-दही, म्हणजे रोजचे पासवाले. आणि वरचा बर्फाचा कप्पा लांब पल्ल्याचा. तिथे एकदा बसलेल्यानं मध्ये उतरायचं नाही. सरस्वतीला यातलं काही पटलं नव्हतं, पण माणूस फ्रिजसमोर उभा असतो तोवर गॅसपाशी येत नाही, हा फायदा तिच्या ध्यानात आला होता.

त्यांची वाडी वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून आत, ओढ्यापलीकडे. वाडीत मारुतीचं देऊळ. त्या देवळात गोकुळाष्टमीला पाळणा बांधतात आणि बाळकृष्णाला लोण्याचा नैवेद्य दाखवतात. ते लोणी देसल्यांच्या घरचं. आधी सासू द्यायची, सासूनंतर सरस्वती देऊ लागली. बदल्यात सगळ्या वाडीसमोर, माईकवर नाव घेऊन, खण-नारळ मिळायचा. खण साधा असतो, नारळ कधीकधी आतून कुजका निघतो. पण त्या एका मिनिटासाठी सरस्वती वर्षभर म्हशीचं बोलणं ऐकून घेते, असं जयरामचं मत होतं. हे मत त्यानं तिला कधी सांगितलेलं नव्हतं.

या लोण्याचा एक नियम होता. देवाच्या लोण्याचा वास माणसानं आधी घ्यायचा नाही. घेतला की ते उष्टं. चाखण्याचा तर प्रश्नच नाही. सरस्वती घुसळायला बसली की पदर नाकातोंडावरून घट्ट बांधायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आता बँक लुटायला निघाली.

यंदा अडचण म्हशीची झाली. चंद्री गाभण होती आणि आटत आली होती. धार लोटाभरावर आलेली. ही बातमी वाडीभर व्हायला एक सकाळ पुरली, आणि दुपारी मंडळाचा अध्यक्ष सुनिल अंगणात हजर झाला. त्याच्याकडे दुभत्या तीन म्हशी आणि विजेवर चालणारी घुसळणी.

"वहिनी, म्हस आटली म्हणं?"

"आटली नाय. आटतेय."

"तेच गो. टेन्शन नका घेऊ. यंदाच्या साली आमच्या घरचं होऊन जाऊ दे."

"होऊन जाऊ दे" हा प्रकार सरस्वतीला चांगला ठाऊक होता. सुनिलच्या आज्यानं असंच एका साली ओढ्याकाठचा बांध हातभर सरकवला होता. तो अजून परत सरकलेला नव्हता.

"लोणी आमच्याच घरचं होईल," ती बोलली. "चा घेनार का?"

सुनिल चहा घेऊन गेला. ती आत येऊन ओट्याला टेकली.

"थोडं थोडं जमवावं लागंल," ती जयरामला बोलली. "श्रावण लागला की सुरुवात करते. पन तोवर ऱ्हायचं कसं? बोळक्यात पाणी घालून ठेवलं, सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं, तरी लई तर पाच दिस. मंग खवट."

जयराम याच क्षणाची वाट बघत होता. तो उठला आणि त्यानं फ्रिजचं दार उघडलं. आतला दिवा लागला.

"पाणी-बिणी कायको? वरचा कप्पा हाय."

"बर्फात लोणी? दगड होईल त्याचा."

"दगड खवट होत नाय."

जयरामनं मग अभ्यासच मांडला. मोबाईलवर एक बाई पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून लोण्याबद्दल बोलते, ते त्यानं दोनदा ऐकलं होतं. लोणी फ्रिजच्या दारात ठेवू नये, कारण दार उघडलं की दाराशी बसलेला आधी गरम होतो; हे त्याला बसमधल्या अनुभवावरून लगेच पटलं. मिठाचं लोणी जास्त टिकतं, बिनमिठाचं लवकर बिघडतं, आणि बर्फाच्या कप्प्यात दोन्ही महिनोन्महिने राहतात. खात्रीसाठी त्यानं शहापूरला सुनेला फोन लावला. कुणाली आसनगावच्या एका कंपनीत हिशेब बघते आणि सासऱ्याशी बोलताना तिचा आवाज हेल्पलाइनसारखा होतो.

"फ्रीझरमध्ये बिनधास्त ठेवा बाबा. फक्त घट्ट झाकणाचा डबा घ्या. लोणी वास ओढतं."

"कसला वास?"

"शेजारी असेल त्याचा. आमच्या बटरला एकदा लसणाचा लागला होता. सुयोगनं टोस्टला लावून खाल्लं, वर बोलला, गार्लिक ब्रेड मस्त झालाय."

घट्ट झाकणाला सरस्वती तयार होईना. "कोंडलेलं लोणी देवाला देत नायत. त्याला वारा लागतो. सासूबाई फडकं बांधायच्या, मी पन फडकंच बांधनार." शेवटी तडजोड झाली. कप्पा त्याचा, फडकं तिचं. संसारातल्या बहुतेक तडजोडींप्रमाणे हिच्यातही दोघांच्या म्हणण्यातला चुकीचा भाग तेवढा घेतला गेला.

आता बोंबलांकडे येऊ.

गटारीला जयरामनं मुरबाडच्या बाजारातून सुके बोंबील आणले होते. अमावास्येच्या रात्री जेवढं जाईल तेवढं गेलं, तरी मूठभर उरले. दुसऱ्या दिवशी श्रावण. आता गणपती जाईपर्यंत घरात वासही नको. पूर्वी असले उरलेले बोंबील चुलीवरच्या शिंक्यात धुरात टांगून ठेवत. आता चूल गेली, गॅस आला, धूर गेला. बोंबलांचं कुणी बघितलं नाही. बाहेर ठेवावे तर पावसाळी हवेनं बुरशी. टाकून द्यावे तर बोंबील टाकून देणाऱ्या माणसाला वाडीत मुलगी कोण देणार? मुलाचं लग्न होऊन गेलं होतं हा भाग वेगळा. जयरामनं ते कागदात गुंडाळले, कागद पिशवीत घातला, पिशवीला रबर लावलं आणि विचार केला. लोणी अष्टमीला उतरणार. बोंबील गणपतीनंतर. दोघंही लांब पल्ल्याचे. त्यानं दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

श्रावणात दोनदा लाईट गेली. दुसऱ्यांदा गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलीच नाही. "दार उघडायचं नाय," असं सांगून जयराम फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसला. आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं फार काळजी घेतली. आतलं आतच राहिलं.

अष्टमीच्या सकाळी दोघांचे उपास. जयरामनं मोठ्या दिमाखात वरचा कप्पा उघडला आणि तसाच थांबला. बोंबलांच्या पिशवीचं रबर सुटलेलं होतं. कागद उघडा होता. एका बोंबलाचं शेपूट फडक्यावर येऊन आरामात पडलं होतं, शेजारच्याच्या खांद्यावर झोपलेल्या प्रवाशासारखं.

त्यानं पिशवी चटकन शर्टाखाली घातली. मग भगुल्याकडे बघितलं. लोणी पांढरंशुभ्र, टणक, गोठलेलं. गोठलेल्या वस्तूला वास येत नाही. येतो तो ती सैल पडल्यावर. आत्ता कळायचं तर नाक अगदी जवळ न्यायला हवं होतं. जयराम वाकला.

"अवं! वास काय घेताय?"

सरस्वती दारात उभी होती. पदर नाकावर बांधलेला, वर फक्त डोळे.

"नाय गो. बघत होतो, बर्फ झालाय का."

"बर्फ नाकानं बघतात? व्हा बाजूला. देवाचं हाय." तिनं भगुलं उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. फडकं सारखं केलं. तिच्या डोळ्यांवरून ती हसत असावी असं वाटत होतं. "झालं बगा जमा. सुनिलला बोलावं, तुझी घुसळणी ठेव तुझ्यापाशी."

जयरामच्या पोटाला शर्टाखालचे बोंबील टोचत होते. वास लागला असेल की नाही हे कळायचा एकच मार्ग होता आणि तो देवानं बंद केला होता. लागला नसेल तर उगाच बोलून सरस्वतीच्या वर्षभराच्या मिनिटाची माती. लागला असेल आणि देवळात कळलं तर मान गेला सुनिलकडे, बांधाच्या मागोमाग. त्यानं बोंबील गोठ्यात वैरणीमागे लपवले, हात तीनदा धुतले आणि "पेन्शनचं काम हाय" असं सांगून मुरबाडची जीप पकडली. त्या दिवशी सुट्टी होती. सरस्वतीच्या ते ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल.

मुरबाडला स्टँडसमोर दिपेशची डेअरी आहे.

"दिपेश, लोणी हाय का रे?"

"कसलं पायजे काका?"

"कसलं म्हंजे? लोणी."

"तसं नसतं आता. हे पिवळं खारं. हे पिवळं बिनमिठाचं. हे सुटं पांढरं. नि हे हॉटेलवाल्यांचं." दिपेशनं चारही काउंटरवर मांडले. "घ्या, चाखून बघा."

"उपास हाय."

"मग वास घ्या."

जयराम दचकून मागे सरकला. "वास नाय घ्यायचा. देवासाठी हाय. तू पन घेऊ नको! तू फक्त सांग."

दिपेश धंद्यात नवा नव्हता, पण लोणी तोंडी विकायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आली होती. त्यानं घसा साफ केला. "पिवळं खारं हे मिठामुळं दम धरतं. दोन दिवस बाहेर ऱ्हायलं तरी तक्रार नाय. बिनमिठाचं नाजूक, केकवाल्या बाया नेतात नि फोनवर फोटो टाकतात. सुटं पांढरं म्हणजे मशीनवरच्या क्रीमचं. फ्रिजमधून काढलं की सरळ घरी जायचं, वाटेत चा-पाण्याला थांबायचं नाय."

"चवीला?"

"वाईट काय नाय. चांगलं पन काय नाय."

"म्हंजे कसं?"

"सरकारी."

तीस वर्षं सरकारी बसची घंटी वाजवलेल्या जयरामला हे लागलं, पण त्यानं ते गिळलं. उपासाला चालण्यासारखं तेवढंच होतं. "नि हे हॉटेलवाल्यांचं?"

"ते लोणी नाय. लोण्यासारखं हाय. बाहेर ठेवा, आत ठेवा, उन्हात ठेवा, काय होत नाय त्याला. मुंगी येते, बघते नि जाते."

जयरामनं कुणालीला फोन लावला. "पिवळं खारं पाण्यात धुतलं तर मीठ जाईल का?"

"थोडं जाईल बाबा. पण पिवळेपणा कसा जाईल? म्हशीचं लोणी पांढरं असतं."

"देवाला काय कळतंय?"

"देवाचं माहीत नाही. देवळातल्या ठकीआजीला कळेल."

हा मुद्दा बिनतोड होता. जयरामनं अर्धा किलो पांढरं घेतलं, पिशवी छातीशी धरली आणि चहाला न थांबता थेट जीपकडे गेला. योजना सोपी होती. घरी जायचं, भगुल्यातलं काढायचं, हे भरायचं, फडकं बांधायचं.

पण जीपवाला जुना ओळखीचा निघाला. "मास्तर! तुमी मागं कुठं बसताय कोंबून? फुडं या, फुडं या." पुढची जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारी, गिअरच्या दांड्याला पाय लावून. खाली इंजिन. हा मान होता, नाकारता येईना. टोकावडं येईपर्यंत जयरामच्या मांडीवर ऊब जाणवू लागली. वैशाखऱ्याच्या आधी त्यानं पिशवी उचलून बघितली, तर आत लोणी नव्हतं. पातळ, पांढुरकं काहीतरी एका कोपऱ्यात जमलं होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून त्याच्या पँटवर गळत होतं.

"दूध सांडतंय तुमचं," मागची बाई बोलली.

"दूध नाय, लोणी हाय."

"मंग तर लईच सांडतंय."

तो वाडीत पोचला तेव्हा घराला कडी होती. देवळाकडून टाळांचा आवाज येत होता.

देऊळ भरलं होतं. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या लावलेल्या. आत दोन समया, उदबत्त्या, साठसत्तर माणसांचा उबारा. पाळण्यापुढे पाटावर सरस्वतीचं बोळकं, त्यात लोण्याचा गोळा, वर फडकं. सकाळचा दगड आता चांगलाच सैल पडला असणार. पाटाशेजारी ठकीआजी. देवळातल्या सगळ्या नियमांची ती एकमेव प्रत होती. तिच्यानंतर ते कुणाला विचारायचे, हा विषय मंडळाच्या बैठकीत दोनदा येऊन बारगळला होता. मागे भिंतीशी उद्याच्या काल्यासाठी घरोघरहून आलेली दह्याची भांडी रांगेनं ठेवलेली. सरस्वती नवं लुगडं नेसून पाटापाशी बसली होती. तिनं जयरामकडे बघितलं, त्याच्या पँटकडे बघितलं आणि मान वळवली.

जयराम खांबाला टेकला. त्यानं श्वास घेतला. आणि त्याला कळलं.

वास आधी उदबत्तीच्या आडून आला, मग उदबत्तीला बाजूला सारून पुढे आला. जनाबाईनं टाळ वाजवता वाजवता नाक वर केलं. तिच्या मागच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पखवाजावर भगीरथ होता. त्यानं थाप मारता मारता हळूच बोटं नाकाशी नेली आणि तो बेताल झाला. सुनिल माईक हातात घेऊन उभा होता. त्यानं माईक तोंडापासून लांब धरला आणि रिकाम्या तळहातावर श्वास सोडून बघितला.

बोळक्याकडे कुणीही बघितलं नाही. देवाच्या लोण्याचा वास घ्यायचा नसतो. म्हणजे लोण्याला वास येतो हे म्हणायलाही आधी तो घेतलेला असावा लागतो. सगळ्या देवळात वास कुठूनही येऊ शकत होता, एक तेवढं बोळकं सोडून.

ठकीआजीनं हात वर केला. भजन थांबलं.

"बोंबील," ती बोलली.

तिनं बोट सगळ्या देवळावरून फिरवलं.

"श्रावण कुनी मोडलाय ते बोला. देवाफुडं बोललं की हलकं व्हतं. नाय बोललात तर लोणी देवाला लागायचं नाय."

मग भगीरथनं पखवाज मांडीवरून खाली ठेवला. "परवा भातातलं तण काढाया बेणणीवर व्हतो आजी. वरच्या पाड्यावरच्या बुधूनं बोंबील भाजले. मी नको बोललो."

"मंग?"

"तो ऐकंना."

जनाबाईनं डोळ्याला पदर लावला. "मी खाल्लं नाय. पोरासाठी कालवण केल्तं, मीठ बघाया चाखलं फकस्त."

"किती चाखलं?"

"वाटीभर."

मग धरणच फुटलं. कुणी सुकट, कुणी जवळा, कुणी नुसतं बोंबलाचं पाणी भातावर घेतलेलं. एकजण चिकनपर्यंत गेला होता; त्याला खाली बसवलं, कारण विषय बोंबलाचा होता. सुनिल माईकची वायर बोटाला गुंडाळत उभा होता. त्याची बायको स्नेहल बायकांतून बोलली, "सांगा की वं."

"खर्डीला," सुनिल बोलला. माईक चालूच होता. "बहिणीकडं. ती लई आग्रह करते."

"सुकट?"

"नाय. कोलंबी. ताजी."

देवळातून एक उसासा गेला. त्यात धिक्कार किती आणि हेवा किती, हे सांगणं कठीण.

"मी पन जवळ्याची चटणी चाटली," ठकीआजी स्वतःहून बोलली. "पन मला दात नायत. चाटलेलं खाल्ल्यात धरत नायत." कुणी हरकत घेतली नाही.

जयराम खांबाला चिकटून उभा होता. वास आता इतक्या जणांत वाटला गेला होता की लोण्याच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. तो गप्प राहिला असता तर सरस्वतीचा मान राहत होता, सुनिलची जिरली होती आणि सगळे सुखानं घरी जाणार होते. ठकीआजीनं खूण केली. सरस्वतीनं पदर नाकावर ओढला, बोळकं दोन्ही हातांनी उचललं आणि ती पाळण्याकडे वळली. किती जपून धरलं होतं तिनं ते.

"थांब," जयराम बोलला. "ते देवाला देऊ नको."

सगळे वळले.

"मी खाल्ले नायत. पन ठेवले व्हते. फ्रिजमधी. वरच्या कप्प्यात." त्याचा आवाज तिकीट मागतानाचा राहिला नव्हता. "लोण्याशेजारी."

सरस्वतीनं बोळकं पाटावर ठेवलं. ठकीआजी वाकली. तिनं नियम, देव आणि आपलं वय यांचा क्षणभर विचार केला, फडकं बाजूला केलं आणि नाक लावलं.

"यातलंच हाय," ती बोलली.

"म्हंजे वास लोण्याचा?" सुनिल ओरडला. "मग आमी कशाला बोललो?"

एकदम कल्ला झाला. चिकनवाला उठून उभा राहिला आणि आपलं बोलणं परत मागू लागला. जयराम सगळ्यांच्या वर आवाज काढून सांगत होता, "मी घट्ट बांधले व्हते! कागद, पिशवी, वर रबर! ते रबर सुटलं कसं, मला कळत नाय! आपोआप रबर सुटत नाय!"

सरस्वती पाळण्याच्या दोरीकडे बघत होती.

"सरू," ठकीआजी बोलली.

"एकच," सरस्वती बोलली.

"काय एकच?"

"भाजून. हे मागल्या आठवड्यात मुरबाडला गेल्ते तवा. मंग वाटलं, रबर आपसूक सुटल्यासारखं दिसावं, म्हणून पिशवी तशीच ठेवून दिली."

कल्ला बंद पडला.

सुनिलनं संधी साधली. "जाऊ दे. आमच्या घरी ताजं लोणी हाय. पाच मिनटांत आणतो."

"कोलंबीवाल्या घरचं?" ठकीआजी बोलली.

सुनिल बसला. ठकीआजीनं सभोवार नजर फिरवली. जिथं जिथं म्हैस होती तिथं तिथं काहीतरी खाल्लेलं होतं. शेवटी तिची नजर भिंतीशी ठेवलेल्या दह्याच्या भांड्यांवर थांबली.

"दही साऱ्या वाडीचं हाय. साऱ्या वाडीचं पाप त्यात सारखंच. ते देव चालवून घेतो. पन घुसळणारा हात श्रावण पाळलेला पायजे. हाय का कोन?"

सगळ्या देवळानं जयरामकडे बघितलं. त्यानं खरंच काही खाल्लं नव्हतं. भक्ती वगैरे म्हणण्यासारखं काही नव्हतं; त्यानं बोंबील गणपतीनंतरच्या गाडीला बसवले होते, आणि मध्येच उतरवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं एवढंच.

डेरा आला, रवी आली, दोरी आली. सायीसकट वरवरचं दही ओतलं. जयरामच्या नाकातोंडाला स्नेहलनं रुमाल बांधला. त्यानं दोरीची दोन्ही टोकं धरली आणि अशी ओढली की पहिल्याच झटक्याला दही ठकीआजीच्या कपाळापर्यंत पोचलं.

"बस सुटली का तुमची?" सरस्वती मागून बोलली. "हळू. एक हात येऊ द्या, दुसरा जाऊ द्या. दोनी हात एकदम कुठं चाललेत?"

"तू घे मग."

"माझा हात चालत नाय. मी एक खाल्लाय."

भगीरथनं पखवाज पुन्हा मांडीवर घेतला. जयरामचा हात त्या ठेक्याला लागला. दंड भरून आले, पाठीतून कळ निघाली, रुमालाआड श्वास कोंडला. बायका आळीपाळीनं डेऱ्यात डोकावून "अजून नाय" असं सांगत होत्या. सरस्वतीनं गार पाण्याचा तांब्या आणून धार धरली. "आता सावकाश. आता तुमी नाय, तेच येतं वर." आणि खरंच, ताकावर पांढरे कण दिसू लागले, कणांचे खडे झाले, खडे एकमेकांना धरू लागले. सरस्वतीच्या सांगण्यावरून त्यानं आत हात घालून गोळा वर काढला. तो वाकडा होता, एका बाजूला बोटं उमटलेली. पण पांढरा होता, आणि वाडीच्या इतिहासात इतकी माणसं एवढा वेळ श्वास रोखून एका लोण्याकडे कधी बघत बसली नव्हती.

नैवेद्य झाला. सुनिलनं माईक घेतला. "यंदाच्या लोण्याचा मान..." तो अडखळला. "तसं बघायला गेलं तर दही आमच्याच घरचं जास्त व्हतं."

"मान हाताला," ठकीआजी बोलली आणि खण-नारळ उचलला. "ये रे जयराम."

देवळात हसू फुटलं. जयराम पुढे झाला. त्यानं खण हातात घेतला आणि तसाच वळून सरस्वतीपुढे धरला. तिनं हात मागे बांधले.

"मला कशाला? श्रावण तुमी पाळलात."

"अगो, घराला मिळालाय. घे."

"मिळालाय ना घराला? मग झालं." तिनं सुनिलकडे बघून घेतलं, पुरेसा वेळ. "फुडल्या साली पन आमच्याच घरचं. सकाळची धार हे काढतील, शेण हे भरतील, साय हे जमवतील. हात ह्यांचा हाय."

"आगं पन..."

"अन् हळदकुंकू लावल्याबिगर खण देत नायत आजी," सरस्वती बोलली.

ठकीआजीनं करंडा उघडून बोट बुडवलं. जयराम साठसत्तर माणसांसमोर, लोण्यानं माखलेली पँट घालून, खण छातीशी धरून उभा राहिला. आजीचा हात त्याच्या छातीपर्यंतच पोचत होता.

"वाका," सरस्वती बोलली आणि मागून त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला खाली दाबलं. "अजून वाका. लाजता काय?"